ओढवाटेवरची ओली रेघ

१

आमची थेल्मा पाण्यावर जन्मली. कोळशाच्या होडीत, मागच्या खोपटात, जिथं चूल, पलंग आणि कपाट एकमेकांच्या मांडीवर बसलेले असतात. मी तिला लग्न झाल्यापासून सांगत आलोय, की तुझ्या आईनं तुला आठवडाभर चुकून साखरेच्या डब्याशेजारी फळीवर ठेवलं होतं. तू काही गोड झाली नाहीस, साखर तेवढी आंबट झाली. ती म्हणते, "आणि तुझ्या आईनं तुला बघितलं आणि पुढं मूलच होऊ दिलं नाही." असा आमचा संसार. मुलंबाळं नाहीत, टोमणे भरपूर.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या हृदयाची झडप बदलली. डुकराची बसवली. मी दवाखान्यातच विचारलं, आता नाताळात हॅम कापलं तर सुतक पाळायचं का? नर्स खिदळली. थेल्मा हसली नाही, टाके दुखत होते. घरी येऊन हसली.

डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, ट्रोमन्सबाई. पण चढ अजिबात नको. अगदी सपाट."

आमच्या इंग्लंडातल्या टिप्टनकडे सपाट म्हणाल तर कालव्याची ओढवाट. पूर्वी घोडे होड्या ओढत ज्या काठानं चालायचे, ती. आमच्या परसाच्या भिंतीमागून निघते आणि थेट खालच्या कुलपापर्यंत, म्हणजे होड्या खाली-वर करणाऱ्या दरवाज्यांच्या हौदापर्यंत जाते; मध्ये एक वीतभरसुद्धा चढउतार नाही. ज्या साखळीच्या कारखान्यात मी पाठ मोडून घेतली, त्याच्या भिंतीला लागून जाते. कारखाना बंद पडला, धुराडं उभं आहे. आता तिथं 'वारसा' म्हणून फलक लावलेत. आम्ही घाम गाळत होतो तेव्हा त्याला वारसा कुणी म्हणत नव्हतं, नरक म्हणत होते.

एका फलकाखाली मी खडूनं लिहून ठेवलं होतं, की ग्लॅडिस नावाच्या घोडीनं इथून नगरपालिकेची निवडणूक लढवली आणि जिंकली. वॉरल गुरुजींनी ते पर्यटकांच्या घोळक्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्ध्यावर त्यांचा आवाज बारीक होत गेला. वॉरल गुरुजी म्हणजे निवृत्त शाळामास्तर. निळं जाकीट घालून कुलपावर फुकट सेवा करतात. तेव्हापासून मला बघितलं की खिसे चाचपतात.

हे सगळं आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हीही तेच म्हणाल जे गावानं म्हटलं: होरेस ट्रोमन्स आहे, असणार काहीतरी चाळा.

२

ऑक्टोबर कोरडा गेला होता. ओढवाटेवरची माती पिठासारखी उडत होती. आणि कारखान्याच्या भिंतीपाशी, वाटेवर आडवी, एक ओली रेघ पडलेली होती. पाण्याच्या कडेपासून थेट भिंतीपर्यंत. मनगटाएवढी रुंद, पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

मी म्हटलं, कुणाच्या तरी पाइपातून गळलं असेल. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच. मी म्हटलं, वॉरल गुरुजी सूड उगवताहेत. तिसऱ्या दिवशी मी बोट लावून बघितलं. गार होती, आणि बोटाला डांबराचा वास आला.

लोक तिच्यावरून येत-जात होते. सायकलवाले, कुत्रेवाले, बाबागाडीवाल्या बाया. कुणाला काही झालं नाही. मीही रोज ओलांडत होतो.

थेल्मा मात्र रोज तिच्याअलीकडे थबकायची. एक दिवस ती हळूच वाकली (वाकायला डॉक्टरांनी मनाई केली होती) आणि दोन्ही हातांनी जमिनीवरून काहीतरी उचलल्यासारखं करून डोक्याच्या वर धरलं.

"चल, निघ खालून," मला म्हणाली.

"काय धरलंयस?"

"दोर. ओलांडायचा नसतो. वर खेचला गेला तर माणूस पाण्यात जातो. उचलायचा, आणि दुसऱ्याला खालून जाऊ द्यायचं. आई कानाखाली द्यायची ओलांडला तर."

होडीवरच्या लोकांची ही जुनी रीत. घोडा पुढं उभा, होडी मागं, आणि मधला दोर वाटेवर सैल पडलेला; तो कधी ताणला जाईल सांगता येत नाही. म्हणून उचलायचा. पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकायची. पण थेल्माच्या हातात काहीच नव्हतं. दोन म्हाताऱ्या मुठी आणि मध्ये आकाश.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाई माझी गंमत करत होती. मी टोपी काढली, कमरेत वाकून तिच्या हाताखालून गेलो, पलीकडून मुजरा केला.

"आता ठेव खाली, राणीसरकार."

तिनं हात खाली आणले. पण ठेवलं काही नाही. हात छातीशी गेले, डोक्यावरून काहीतरी ओढून घेतल्यासारखे झाले, उजव्या खांद्यावर टेकले. तिनं खांदा एकदा हलवला, पिशवीचा पट्टा नीट बसवतात तसा. आणि चालायला लागली.

मागं बघितलं तर वाट कोरडी होती. रेघ गेली होती.

३

त्यानंतर ती सुधारली.

आधी मी तिच्यासाठी रेंगाळत होतो, आता तिच्यामागं पळावं लागे. कुठं टेकणं नाही, धाप नाही. शेजारची बेरिल कुंपणावरून ओरडायची, "अगं थेल्मा, त्या म्हाताऱ्यालाही डुकराचं काहीतरी बसवून आण!" डॉक्टर खूश. मी तर इतका खूश, की पबमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो, बायको आता शर्यतीत उतरवतो.

पण ती वाकून चालायची. म्हातारपणाचं वाकणं वेगळं असतं. त्यात माणूस जमिनीकडं जातं. ही पुढं झुकलेली होती, छाती पुढं, टाचा अर्धवट उचललेल्या. पाठीमागून कुणी हात काढून घेतला तर तोंडावर पडेल अशी. घोडा न परवडणारे लोक खांद्याला पट्टा लावून स्वतःच होड्या ओढायचे. त्यांचे फोटो वॉरल गुरुजींच्या फलकांवर आहेत. अगदी तसं.

"सरळ चाल की," मी म्हणायचो.

"सरळच चालतेय."

तिच्या करड्या कोटावर, उजव्या खांद्यापासून छातीवरून तिरका, एक ओला पट्टा उमटायला लागला. मी कोट चुलीशी वाळत घालायचो, सकाळी खडखडीत कोरडा. फिरून आलो की पुन्हा ओला, पुन्हा तो डांबराचा वास.

मी म्हटलं, घाम असेल. घाम काय पट्टीनं आखून येतो?

कारखान्यापुढं लोखंडी पूल आहे. त्याच्या कोपऱ्याला पूर्वीच्या दोरांनी घासून घासून खाचा पडल्यात. बोट आत जातं एवढ्या खोल. मी लहान होतो तेव्हापासून त्यांना गंज आहे. एक दिवस पुलाखालून जाताना मला त्यातली एक खाच चकाकताना दिसली. हात लावला. गुळगुळीत, आणि कोमट. बोटाला लोखंडाची बारीक भुकटी लागली.

मी हात विजारीला पुसला आणि मागं बघितलं. खरं तर तोवर मी मागं बघायचं टाळत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काही नव्हतं. रिकामा कालवा. फक्त बदकं एकामागून एक बाजूला होत होती, घाई न करता, रोजची सवय असल्यासारखी. आणि काठापासून पाणी मागं ओढलं जात होतं. चिखलाची काळी पट्टी उघडी पडली, मग पाणी परत येऊन काठावर आपटलं. भरलेली होडी येताना असंच होतं. आमच्याकडं कुणालाही विचारा. आधी पाणी खाली बसतं, मग होडी दिसते.

मी दिसायची वाट बघत उभा राहिलो. थेल्मा बरीच पुढं गेली होती. पाणी तिच्या मागोमाग गेलं.

४

मी तिला बाकावर बसवायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे जबरदस्तीच. दंड धरला आणि खाली ओढलं.

"सोड, होरेस."

"दोन मिनिटं टेक. मी दमलोय."

"तू दम. मला थांबता यायचं नाही. मी थांबले म्हणून ते थांबत नाही."

"ते म्हणजे काय?"

विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊकच होतं. होडीला ब्रेक नसतो. ओढणारा थांबला तरी ती आपल्या वजनानं येत राहते, शांतपणे, आणि ओढणाऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहते. मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. मागून पाण्याचा आवाज आला. काठाखालून चुळुक, चुळुक, जवळ येत. मग थेंबांचा आवाज. वरून दोर उचलला की त्यातून पाणी ठिबकतं तसा. मग कोळशाचा धूर आणि उकडलेल्या वाटाण्यांचा वास, असा की कुणीतरी जेवायला वाढतंय. वारा आमच्या तोंडावर होता. वास पाठीमागून येत होता.

थेल्मा माझ्या मिठीत थरथरत होती. भीतीनं नाही. बसमधून उतरायचं असतं आणि पुढचा माणूस हलत नाही, तेव्हा माणूस जसं चुळबुळतं तशी.

"होरेस," ती हळूच म्हणाली, "ते बरोबरीला आले ना, की मला आत घेतील."

मी हात सोडले. ती उठली आणि चालायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून चालत राहिलो, तिला ढकलत. स्वतःच्या बायकोला, छातीवर चिरा असलेल्या बाईला, मी ढकलत होतो. अजून जोरात चाल म्हणत होतो.

५

घरी ठेवून बघितलं. दाराला कडी लावली. दुपारी ती पलंगावर पडली, तर दुलईखाली पाय चालत होते. खांद्यावर लाल वळ उठला. संध्याकाळपर्यंत ओठ निळे पडले आणि ती पलंगावरून भिंतीकडं सरकत गेली, कालव्याकडच्या भिंतीकडं, गादीसकट. मी परसात जाऊन बघितलं. भिंतीपलीकडं पाणी काठाच्या वर येऊन विटांना टेकलं होतं, आणि तेही एकाच ठिकाणी.

मी धावत आत आलो आणि तिला कोट घातला.

पुढं रोज तेच. कुलपापर्यंत जायचं, तिथून वळायचं, परत. रोज थोडं जास्त, कारण पोहोचलो की ते मागून येतच असायचं आणि तिला आधीच वळून निघावं लागे. तिचा कोट तिच्याभोवती फिरायला लागला, इतकी वाळली. डॉक्टर आता म्हणाले, "ट्रोमन्सबाई, चालणं बंद करा. हृदय ताणलं जातंय." मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मिस्टर ट्रोमन्स, तुमच्याबद्दल ऐकलंय मी."

बेरिलला सांगितलं. ती हसून हसून कुंपणाला धरून उभी राहिली. "या वेळची भारी आहे हो!" म्हणाली.

मी रडलो तिच्यासमोर. तिला तेही भारी वाटलं.

कुलपाचं माझ्या डोक्यात का आलं सांगतो. सपाट वाटेवर होडीला अडवणारं काही नसतं, हीच तर खोड आहे. पण कुलूप म्हणजे पाण्याची पायरी: विटांचा अरुंद हौद, दोन्ही टोकांना जाड लाकडी दरवाजे. हौद रिकामा असला की वरच्या अंगाचं पाणी वरचा दरवाजा दाबून धरतं. मग तो दहा माणसांना उघडत नाही. ते जे काही आहे ते भरलेल्या होडीसारखं पाणी खाली बसवतं, लोखंड घासतं. मग ते होडीसारखं अडलंही पाहिजे. आजवर आम्ही कुलपाच्या अलीकडेच वळत होतो.

"आज वळायचं नाही," मी तिला सांगितलं. "मी पुढं जातो, हौद रिकामा करतो. तू सरळ ये. दरवाज्याला लागूनच ये."

"मला एकटीला सोडून जातोस?"

आयुष्यात इतके टोमणे ऐकले, पण हे टोमण्यासारखं म्हटलं नव्हतं.

मी धावलो. माझ्या वयाला धावणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल कधीतरी. वॉरल गुरुजी ओंडक्यावर बसून सँडविच खात होते. दरवाज्याला हातासारखा बाहेर आलेला जाड ओंडका असतो, त्याला पाठ लावून दरवाजा ढकलतात.

"गुरुजी, खालच्या झडपा उघडा! हौद रिकामा करा!"

"कोणती होडी येतेय?"

"होडी नाही येत!"

"मग कशाला पाणी वाया घालवू, ट्रोमन्स? आज काय आहे, ग्लॅडिसबाईंची मिरवणूक?"

मी त्यांच्या कमरेचं लोखंडी हँडल ओढून घेतलं आणि स्वतःच झडपा फिरवायला लागलो. ते ओरडत माझ्यामागं. पाणी खाली जायला लागलं. किती हळू जातं ते! मी वाटेकडं बघत होतो. थेल्मा वळणावर दिसली. जवळजवळ आडवी झाली होती, हात खाली लोंबत होते, बोटं मातीला लागत होती. तिच्यामागं काठ उघडा पडत येत होता.

ती दरवाज्यापाशी पोहोचली आणि हौदात खालचा चिखल दिसायला लागला.

मग धडक बसली.

मोठी नाही. लाकडावर लाकूड टेकतं तशी, जाणत्या हाताची. पण ओंडका थरथरला आणि गुरुजींचं सँडविच त्यावरून खाली पडलं. गुरुजींनी वाकून बघितलं. दरवाज्याला काहीच टेकलेलं नव्हतं.

थेल्मा सरळ उभी राहिली. दोन्ही हातांनी डोक्यावरून काहीतरी काढलं, काठावरच्या लोखंडी खुंटाला नीट दोन वेढे दिले, आणि माझ्या अंगावर कोसळली.

६

ती झोपली. खरी झोप, पाय न हलवता. दुसऱ्या दिवशी डुकराच्या मांसाचं आणि करड्या वाटाण्यांचं वाडगंभर कालवण खाल्लं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मला वाटलं, तिला उचलून नाचावं.

पण तो दरवाजा बंद राहायला हवा होता, म्हणजे हौद रिकामा राहायला हवा होता. मी रोज कुलपावर जाऊन बसायला लागलो. थंडी पडली होती, होड्या क्वचित यायच्या. आली की मी सांगायचो, दरवाजा मोडलाय. पुठ्ठ्यावर 'बंद' लिहून टांगलं. हँडलं लपवली. गावानं खूप कौतुक केलं. होरेसची आजवरची सगळ्यात लांबलेली थट्टा, म्हणाले. वॉरल गुरुजी एकटेच हसत नव्हते. ते खुंटाकडं पाठ करून बसायचे आणि मला म्हणायचे, "ट्रोमन्स, तुम्ही जरा घरी जाऊन या, मी बघतो." पण एकटे थांबायची वेळ आली की त्यांना काहीतरी काम निघायचं.

एक दिवस मी औषधं आणायला गेलो. परत येताना दुरूनच पाण्याचा घोंघाट ऐकला. हौद भरत होता.

थेल्मा झडपेपाशी उभी होती. हातात हँडल, बाह्या वर केलेल्या. गुरुजींचा पत्ता नव्हता.

"काय करतेयस?"

"त्यांना सोडतेय. किती दिवस ताटकळत ठेवणार? असं कुणी करत नाही, होरेस. कुलपावर आलेल्याला वाट द्यायची असते. आमच्यात शत्रूलाही देतात."

"थेल्मे, तुला घेऊन जातील."

"हो," ती म्हणाली. "जागा धरून बसलेत."

मी ओंडक्याला पाठ लावली, दरवाजा बंद राहील अशी. तिनं पलीकडून लावली. असे आम्ही दोघं, मध्ये ओंडका, पाठीला पाठ. हौद काठोकाठ भरला, दोन्हीकडचं पाणी सारखं झालं, दरवाज्यावरचा दाब गेला. माझी एकच भिस्त होती: हा दरवाजा वरच्या अंगाला उघडतो. पलीकडं होडीचं नाक टेकलेलं असलं तर तो उघडूच शकत नाही.

मग पलीकडं पाणी हललं. काहीतरी मागं सरकल्यासारखं. अदबीनं, दार उघडणाऱ्याला जागा करून देतात तसं.

ओंडका माझ्यावर यायला लागला. जमिनीत पाय रोवायला उंच विटा बसवलेल्या असतात. माझी टाच एका विटेवरून निसटली, मागच्या विटेवर अडकली, तिथूनही निसटली. त्या वाळक्या बाईत एवढं बळ कुठून आलं? मी मान वळवली. दरवाज्यात वीतभर फट पडली होती, आणि फटीतून मला दिसलं.

होडी नव्हती. पाण्यात होडीच्या आकाराचा खळगा होता, भरलेली होडी बसते तेवढा खोल, आणि पाणी कडेनं उभं राहिलेलं. खळग्यात माणसं बसली होती. दाटीनं, पाठमोरी, सगळी पुढं झुकलेली. प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावरून तिरका ओला पट्टा. त्यांच्यामध्ये एक जागा रिकामी होती, एका बारीक बाईपुरती. मी बघतोय हे कळल्यासारखी त्यातली एक व्यक्ती थोडी सरकली. जागा जरा मोठी झाली.

मी डोळे मिटले. इतकी वर्षं माझ्या तोंडून कधी सरळ वाक्य निघालं नव्हतं. तेव्हा निघालं.

"थेल्मे, मला भीती वाटते. तू गेलीस तर मी त्या घरात कुणाशी बोलू?"

ओंडका थांबला.

मग तिची पाठ ओंडक्यावरून निघाली. ती फटीपाशी गेली, वाकली, आणि शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तशी बोलली. मी ऐकलं. पाण्याचा आवाज होता, तरी नीट ऐकलं.

"थोडं थांबा," ती म्हणाली. "हा आहे तोवर. फार दिवस नाही लागायचे."

दरवाजा आपोआप मिटला.

७

तेव्हापासून सगळं ठीक आहे. थेल्मा सरळ चालते. वजन वाढलंय. बेरिलशी भांडते. मला म्हाताऱ्या म्हणते. कुलपातून यंदाच्या उन्हाळ्यात शेकडो होड्या गेल्या, कुणाला काही अडलं नाही. फक्त वरच्या अंगाला, खुंटापाशी, पाणी जरासं खोलगट असतं. वॉरल गुरुजी म्हणतात, वाऱ्यामुळं. मी हो म्हणतो. बिचाऱ्यांना झोप लागायला हवी.

मी बीअर सोडली. पाइप सोडला. ओटची खीर खातो, मीठ न घालता, ज्यात जिभेला काही सापडत नाही. जिना धरून उतरतो. रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघतो आणि मग पुन्हा बघतो. पबमधली मंडळी म्हणतात, होरेसला म्हातारपणी जीव फार प्यारा झालाय. मी म्हणतो, हो, बायकोचा. सगळे हसतात. हसू द्या. मी मेलो की त्याच दिवशी काय होणार आहे, ते मला ठाऊक आहे, म्हणून मी मरत नाही. एवढंच माझ्या हातात आहे, आणि माझं वय बघता ते फार नाही.

मी तिला खोदून विचारलं, त्यांना असा शब्द का दिलास? ती म्हणाली, "तूच म्हणालास ना, तुला एकट्याला करमणार नाही?" आणि माझ्या गालाला हात लावला. तिला वाटतं, तिनं माझ्यावर उपकार केलेत. केलेतच.

काल सकाळी मला खोकला आला. साधाच, गार हवेचा. मी स्वयंपाकघरात होतो. लगेच दाबला, नळ सोडला, घशाशी मूठ धरली. नळ बंद करून कानोसा घेतला. आत थेल्मा गुणगुणत होती.

मी दाराआडून डोकावलं. तिनं तिचे बूट कपाटातून काढले होते. मांडीवर घेऊन फडक्यानं पुसत होती, टाचांपासून, मन लावून. मग उठली आणि ते जोडीनं दाराशी नेऊन ठेवले, नाक बाहेरच्या बाजूला करून.

"खोकतोयस का रे?" तिनं विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "हसत होतो."